स्वस्तातलं एअर पिस्तूल घेतलंय, उरलेल्या पंधरा हजारांत काय काय करावं?

कर्वेनगरी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय, सांभाळून घ्या.

२०२४च्या जुलैत मनू भाकरला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळालं आणि आमच्या कन्येनं हट्ट धरला, मलापण नेमबाजी शिकायची. बालेवाडीला क्लास लावला. मी आपला बाहेर बाकावर थर्मास घेऊन बसायचो. दोन आठवड्यांनी सर म्हणाले, "नुसते बसताय कशाला, उभे राहा आत." उभा राहिलो तो राहिलोच. कन्या आता कथकला जाते आणि मी रेंजवर.

वर्षभर क्लासच्या पिस्तुलावर काढलं. आता ओळखीतून सेकंडहँड बैकाल आयझेडएच-४६एम मिळालंय. रशियन, लाकडी मुठीचं, खालचा दांडा ओढून दाबला की एका शॉटपुरती हवा भरते ते. माझं वय ४४, चष्मा आहे, उजवा हात. ६० शॉटला सध्या ६००पैकी ४८०च्या आगेमागे.

पिस्तूल घेऊन पंधरा हजार उरलेत. मनात आहे ती यादी: नवी ॲनाटॉमिकल मूठ, नळीच्या टोकाला लावायची वजनं, शूटिंगचा खास चष्मा, शूटिंगचे बूट, चांगली पेटी, महागातली पॅलेट (छर्रे). सगळं बसणार नाही हे कळतंय. आधी काय घेऊ?

उंटावरचा_शहाणा

आधी ४८०चे ५२० करा, मग खरेदी. पुण्यात लोक सायकल घेण्याआधी सायकलचे कपडे घेतात तसं चाललंय तुमचं. हलके घ्या.

दहापूर्णांकनऊ

शहाणेबुवा, खोचक असलं तरी निम्मं खरं बोललात. उरलेलं निम्मं मी सांगते.

कर्वेनगरी, यादीतली वजनं आत्ताच खोडून टाका. ४६एम मुळातच १३००च्या आसपास भरतं आणि नियमात कमाल १५०० ग्रॅम. शिवाय ते नाकाडानं जड आहे. वजनं लावतात ती हलक्या पीसीपीवाल्यांनी (आधीच दाबून भरलेल्या हवेचा सिलिंडर असलेली पिस्तुलं), म्हणजे पुढचं टोक भिरभिरत नाही. तुम्ही लावलीत तर चाळिसाव्या शॉटला खांदा बोलायला लागेल. त्यात तुम्हाला प्रत्येक शॉटला दांडा ओढायचा आहे. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ६० शॉटला ७५ मिनिटं मिळतात. वेळ पुरतो, दंडाची ताकद पुरत नाही.

बूट: नियम असा की घोटा झाकायचा नाही आणि पंजाखालचा तळ वाकायला हवा. सपाट, पातळ तळाचे साधे कॅनव्हासचे बूट चालतात. मी पहिली तीन वर्षं शाळेच्या पीटीच्या बुटांवर खेळले. जाड गुबगुबीत तळाचे रनिंग शूज मात्र नकोत, उभं राहिल्यावर माणूस बोटीत असल्यासारखा डुलतो.

पेटी: दिसायला भारी नको, पण कुलूप हवं. घरात मूल आहे.

पॅलेट: इथे पैसे घाला, पण डोकं ठेवून. चपट्या तोंडाचीच घ्या, कागदाला गोल स्वच्छ भोक पडतं. पिस्तुलाची साधारण ०.४५ ग्रॅमची येतात, रायफलची ०.५३ची, डबा उचलताना बघून घ्या. तोंडाचा व्यास ४.४९, ४.५० असा डब्यावर लिहिलेला असतो. दोन-तीन जातींचा एकेक डबा घ्या, हात वाळूच्या पिशवीवर टेकवा आणि प्रत्येकीचे पाच-पाच शॉट चार वेळा मारा. ज्याचं भोक सगळ्यात लहान ते तुमच्या नळीचं. मग त्याच जातीचे चार डबे एकदम. एका डब्यात ५०० असतात, आठवड्याला चार दिवस साठ-साठ मारलेत तर दोन आठवड्यांत खडखडाट.

एक मात्र लक्षात घ्या. दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं आहे. टेकवून मारल्यावर तुमचं पिस्तूल जवळपास एकाच भोकात घालेल. ४८० येतात ते पॅलेटमुळे नाही, हातामुळे. त्यामुळे सगळ्यात महागडा डबा आत्ता घेऊच नका.

आणि पॅलेट शिशाची असतात. हात साबणानं धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही. रेंजबाहेर रोज बघते म्हणून सांगतेय.

बुलेटवाला_रोह्या

दादा लेझर लावा ना, भिंतीवर लाल ठिपका दिसला की दाबायचं, विषय संपला. ऑनलाइन हजारात मिळतो. आणि लायसन नाही लागत का याला?

दहापूर्णांकनऊ

रोह्या, स्पर्धेत लेझर, दुर्बीण, आरसा, काहीही चालत नाही. नळीच्या टोकावरची उघडी माशी आणि मागची खाच, बस. पिस्तुलावर भिंगसुद्धा लावता येत नाही, चष्म्यात लावायचं. सरावाला लेझर लावलास तर डोळा ठिपक्यामागे धावायला शिकतो. ती सवय सोडवायला सहा महिने जातात.

लायसन: ४.५ मिमीपर्यंतची नळी आणि २० ज्यूलपर्यंतची ताकद असेल तर २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. हे पिस्तूल पाच ज्यूलच्या आसपास आहे. तरी पावती आणि क्लबचं ओळखपत्र पेटीतच ठेवावं. नाकाबंदीला हवालदारासमोर ज्यूलचं गणित मांडण्यापेक्षा कागद बरा. आणि परवाना नाही म्हणजे खेळणं नाही. गॅलरीत पुठ्ठा लावून मारणारे महाभाग आमच्या सोसायटीत होते. पॅलेट उलटून येते, डोळा जातो. घरी फक्त रिकामं पिस्तूल आणि कोरी भिंत.

वाचनमात्र

पॉपकॉर्न घेऊन बसलेय. वाचनखूण साठवली.

खडकीचा_फिटर

धागाकर्ते, मी निवृत्त फिटर. चाळीस वर्षं दोन पृष्ठभाग एकमेकांवर बसवले. नेमबाजी हौस म्हणून, त्यामुळे नियमांचं ताईच सांगतील. मुठीचं मी सांगतो.

नवी मूठ घेऊ नका. ४६एमची मूळ मूठ मोठी, लाकडी आणि भरपूर मासाची आहे. म्हणजे कमी करायला वाव आहे. बाहेरून येणारी तयार मूठसुद्धा दुसऱ्याच्या हाताची असते, मीडियम म्हणजे कोणाचा मीडियम? तीही शेवटी कानसावीच लागते. मग असलेलीच का नको?

पद्धत सांगतो. आम्ही कामावर निळा रंग लावून बघायचो, जिथे टेकतं तिथे डाग उठतो. तसंच करा. गवंडी सुतळीला लावतात ती निळी खडूपूड हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तळहाताला हलकी चोळा, डोळे मिटा, मूठ धरा, हात वर न्या, सावकाश सोडा. मुठीवर डाग बघा. बहुतेकांचा डाग तर्जनीच्या बुडाशी आणि अंगठ्याच्या गादीशी दाट असतो, मध्ये तळव्याच्या खोलगट भागात कोरडं. म्हणजे मूठ दोन टोकांवर तरंगतेय. त्यामुळेच प्रत्येक वेळी हात जरा वेगळा बसतो आणि तुम्ही मागची खाच फिरवत बसता.

दाट डाग तिथे कानस, कोरडं तिथे भर. एका वेळी अर्धा मिलिमीटर. कानसलेलं लाकूड परत येत नाही, म्हणून भर आधी. एम-सील लगेच लावू नका. मुलांची रंगीत क्ले मिळते ती चिकटवून आठवडाभर धरून बघा. आकार पटला की मग एम-सील मळा, लावा, हाताला टाल्कम पावडर लावून वर पातळ प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि दहा मिनिटं नेम धरल्यासारखं धरून बसा. रात्रभर वाळू द्या. सकाळी कडा कानसा, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०. त्याहून गुळगुळीत करायचं नाही, घाम आला की मासा पकडल्यासारखं होतं.

कसं ओळखायचं की बसली? डोळे मिटून हात वर न्या, उघडा. माशी खाचेच्या मध्ये दिसली पाहिजे, मनगट न वळवता. दहातून आठ वेळा दिसली तर थांबा. दहातून दहाच्या मागे लागून मी माझी पहिली मूठ वाया घालवली आहे.

कर्वेनगरी

काका, दंडवत. गणपतीच्या वेळची शाडू उरलीय घरात, ती चालेल का क्लेऐवजी?

खडकीचा_फिटर

शाडू वाळली की तडकते. शाडूचा गणपतीच करा.

दहापूर्णांकनऊ

काकांच्या प्रतिसादाला +१, फक्त एक पुरवणी. पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या खोक्यात बसावं लागतं. ४६एम लांबीला काठावर असतं आणि मूठ जाडीला. भर घालताना ५० मिमी ओलांडू नका. मूठ मनगटाला वेढा घालणारी नको, आणि खालचा हातटेक ९० अंशापेक्षा कमी कोनात वर चढलेला नको.

आणि सगळ्यात आधी, आजच्या आज, ट्रिगर मोजा. किमान ५०० ग्रॅम हवा. सेकंडहँड पिस्तुलाचा आधीच्या मालकानं हलका करून ठेवलेला असतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय. तपासणीला वजन उचललं नाही तर सगळी मेहनत पाण्यात. ५००वर घासून लावू नका, ५१०-५२० ठेवा. या पिस्तुलात हवा न भरता, नुसता मागचा भाग उघडून बंद केला की ट्रिगर चढतो. ड्राय सरावाला (पॅलेट न घालता नुसता ट्रिगर दाबायच्या) याच्याइतकं सोयीचं स्वस्तात दुसरं नाही. माझ्या मते तुमच्या पिस्तुलाचा सगळ्यात मोठा गुण हाच, आणि त्याला एक रुपया लागत नाही.

चष्मिस

माझा धंदाच डोळे तपासण्याचा, त्यामुळे यादीतल्या चष्म्यावर बोलतो.

चव्वेचाळिशीत डोळ्याची जवळ-लांब करण्याची ताकद उतरू लागते. नेमबाजीत माशी ठसठशीत दिसली पाहिजे आणि टार्गेट धूसर. तुमचा रोजचा चष्मा लांबचं स्पष्ट दाखवतो, म्हणजे नेमकं उलटं. टार्गेट स्वच्छ दिसतं म्हणून नजर तिकडे जाते, माशी जराशी सरकलेली कळत नाही.

उपाय: लांबच्या नंबरात साधारण अर्धा ते पाऊण प्लस मिळवायचा. समजा लांबचा नंबर उणे १.२५ आहे, तर नेमबाजीची काच उणे ०.५०च्या आसपास येते. नेमकं किती ते तपासूनच. प्रोग्रेसिव्ह काच तर अजिबात नको, मान जरा हलली की नंबर बदलतो.

खास फ्रेमचा फायदा असा की तिची काच फिरवून डोळ्याच्या बरोब्बर समोर आणता येते. पिस्तूल धरताना मान वळलेली असते, साध्या चष्म्यात आपण काचेच्या कडेतून बघतो. पण ती फ्रेमच तुमचं अर्धं बजेट खाईल. सुरुवातीला साधी मोठ्या काचेची फ्रेम घ्या आणि दुकानदाराला नेम धरण्याच्या स्थितीत उभं राहून दाखवा, काचेचा मध्य तिथे आणायला सांगा.

हात जोडून विनंती, पिस्तूल दुकानात नेऊ नका. एक गृहस्थ घेऊन आले होते. लक्ष्मी रोडवर, दिवाळीच्या आधीच्या रविवारी. पेटी उघडल्यावर काउंटरवरची पोरगी आत पळाली. लाकडी पट्टी न्या, माशीच्या अंतरावर काळी चिकटपट्टी लावा, तेवढं पुरतं.

उंटावरचा_शहाणा

आणि तो तुर्की काका? साधा चष्मा, एक हात खिशात, आणि रौप्यपदक. यादी तिथेच संपली की.

चष्मिस

युसुफ दिकेच. मिश्र सांघिकमध्ये रौप्य. त्याच प्रकारात मनू आणि सरबजोत सिंगला ब्राँझ. पण दिकेचनी खास काही घातलं नव्हतं म्हणजे काही केलं नव्हतं असं नाही. त्यांचं पिस्तूल आणि मूठ फोटोत नीट बघा. हात खिशात घालणं फुकट आहे, ते जरूर करा.

मुळशीकर

उशिरा आलो. मी पीसीपीवाला, हॅमर्ली एपी २०. धागाकर्ते माझी वाट धरणार असतील पुढे, म्हणून लिहितो.

पीसीपीत दांडा ओढायचा त्रास नाही, पण सिलिंडर आला की संसार आला. २०० बारपर्यंत हवा भरायची, हातपंपानं भरली तर घाम, आणि पावसाळ्यात त्या हवेतली ओल आत. आमच्याकडे मुळशीला जूनपासून सप्टेंबरपर्यंत पापडसुद्धा मऊ असतात, पंपाला सिलिका जेलचा फिल्टर नसेल तर सिलिंडरला आतून गंज धरतो. सिलिंडरवर मुदतीची तारीख कोरलेली असते. सेकंडहँड घेताना लोक नळीत डोकावतात, तारीख बघत नाहीत. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि नवा घ्यायचा तर स्वस्तात घेतलेलं पिस्तूल स्वस्त राहत नाही. सील्सना साधं मशीनचं तेल कधीच लावायचं नाही, सिलिकॉन ग्रीसच.

तुमच्या ४६एमला यातलं काहीच नाही. फक्त दांडा पूर्ण उघडल्यावर एक-दोन सेकंद थांबा, हवा भरू द्या, मग एका दमात बंद करा. घाईनं फटकन ओढलं की शॉटचा वेग कमी-जास्त होतो आणि तुम्ही खाचेचे क्लिक मोजत बसता. सीलचा जादा संच मिळाला तर मात्र आजच घेऊन ठेवा, त्याचे सुटे भाग इथे सहज मिळत नाहीत.

बुलेटवाला_रोह्या

एवढ्या भानगडी! मला वाटलं नेम धरायचा आणि मारायचं.

कर्वेनगरी

मंडळी, सहा आठवड्यांनी परत आलोय, हिशोब द्यायला.

ट्रिगर: मोजला. घरी पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली होती. स्वयंपाकघरातल्या काट्यावर बाटली, पाणी, सुतळीचा फास सगळं मिळून ५०० ग्रॅम केलं. पिस्तूल रिकामं, नळी वर, फास ट्रिगरच्या मध्यावर. सावकाश उचललं तर बाटली जमिनीवरून हलायच्या आधीच टक. पाणी काढत काढत आलो, ४३० ग्रॅमला कुठे उचलली गेली! ताई म्हणाल्या तस्संच. स्क्रू पाव-पाव वळसा फिरवत ५२०वर आणलं. पहिले चार दिवस ट्रिगर दगड वाटला आणि शॉट उजवीकडे खाली गेले, आता सवय झाली. गंमत म्हणजे आधी जे शॉट "अरे, सुटलाच" असे जायचे, ते बंद झाले.

(बायको बाटलीकडे आणि माझ्याकडे बघून काही न बोलता गेली. एकोणीस वर्षांच्या संसारात हे नवीन नाही.)

चष्मा: साधी फ्रेम आणि काच मिळून २२०० रुपये. नंबर चष्मिस म्हणाले तसा पाऊण प्लसनं बदलला. पहिल्या दिवशी टार्गेट म्हणजे राखाडी लाडू दिसत होता, घाबरलो. पण माशीच्या कडा ब्लेडनं कापल्यासारख्या. वर्षभर मी माशी बघत होतो असं मला वाटत होतं. बघत नव्हतो.

पॅलेट: तीन जाती आणल्या, मधल्या किमतीची जिंकली. आणखी एक डबा तिचा. एकूण चार डबे, ६४०० रुपये. कुलपाची पेटी ९००. एम-सील, क्ले, खडू, पॉलिश पेपर मिळून दीडशे. वजनं नाहीत, बूट नाहीत. सीलचा संच अजून मिळाला नाही, कोणाकडे असल्यास व्यक्तिगत निरोप करा. पाच हजार साडेतीनशे उरलेत, ते त्यासाठी राखून ठेवलेत.

रोज रात्री वीस मिनिटं कोऱ्या भिंतीवर ड्राय.

मूठ: इथे मार खाल्ला. क्लेवर आकार छान जमला, एम-सील लावलं, वाळलं, फार खूश झालो. मग आतून ४२० × २०० × ५०चं पुठ्ठ्याचं खोकं करून त्यात ठेवलं तर झाकण टेकेना. तीन मिलिमीटर वर! सगळी भर बाहेरच्या बाजूला घातली होती. दोन संध्याकाळी कानसत बसलो. आता बसतंय, पण जेमतेम.

गुण: गेल्या रविवारी ५०३. पहिल्यांदा पाचशेच्या वर.

दहापूर्णांकनऊ

अभिनंदन! ५०३ म्हणजे शॉटला सरासरी ८.४च्या जवळ. पुढच्या वेळी एकूण लिहू नका, दहा-दहाच्या सहा सिरीज लिहा. शेवटच्या दोन पडतायत की पहिली, त्यावरून कळेल की प्रश्न दंडाचा आहे की धाकधुकीचा. आणि पुठ्ठा पावसाळ्यात फुगतो, खोकं प्लायचं करा.

कर्वेनगरी

८६, ८७, ८५, ८४, ८१, ८०.

दहापूर्णांकनऊ

दंड. सकाळी पाण्याची एक लिटरची भरलेली बाटली नेमाच्या उंचीवर धरून अर्धा मिनिट, पाच वेळा. बाटल्यांचा धागा झालाय हा.

कर्वेनगरी

करतो. काका, एक शंका. चाळीस शॉटनंतर अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाकडच्या बाजूला टोचतं. लाल वळ उठतो. तिथे तर मी भर घातलेलीच नाही. खडू लावून बघितलं, डाग जेमतेम बोटाच्या पेराएवढा पण एकदम गडद. फोटो टाकलाय. कानसू का?

खडकीचा_फिटर

फोटो पाहिला. तो मूळ लाकडाचा कोपरा आहे, कारखान्यातून तसाच येतो. तुम्ही बाहेरून तीन मिलिमीटर काढलंत, हात आत सरकला, म्हणून आता लागतोय. एकट्यानं हात लावू नका, तिथे लाकूड कमी आहे, खाली लगेच स्क्रू येतो. रविवारी मी बालेवाडीला येतो अर्धगोल कानस घेऊन. साडेआठला. चहा तुमचा.

कर्वेनगरी

थर्मास आणतो.